सांडव्यावरचा कट्टा

मुलाच्या लग्नात, ऐन मंगलाष्टकांच्या वेळी, मांडवातून उठून खरकटं पाणी कुठं जातंय ते बघायला गेलेला वरबाप अख्ख्या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला व्याही म्हणून आला. इकडं अक्षता पडत होत्या आणि हे कार्यालयाच्या मागं आचाऱ्यांच्या घोळक्यात हातात तांब्या घेऊन उभे. आम्ही निपाणीची माणसं, माझा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला. वरबाप रुसतो, मानपानावरून फुगतो, एवढं मला ठाऊक होतं. पण वरबाप मोरीचा उतार तपासतो हे मी बापजन्मात ऐकलं नव्हतं. आमच्या ह्यांनी घाबरून विचारलं, आमचं काही चुकलं का? तर शांतपणे म्हणाले, "तुमचं न्हाय, गवंड्याचं चुकलंय."

बेळगावात पाण्याच्या खात्यात ओव्हरसियर होते ते. निवृत्त झाले, पण खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. कापडी पिशवीत कायम एक तांब्या. कुठंही गेले की थोडं पाणी जमिनीवर ओतायचं आणि ते कुठं वळतं ते बघत बसायचं. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडं आले तेव्हा मी चांगल्या फुलपात्रातून पाणी दिलं, तर ते न पिता अंगणात नेऊन ओतलं आणि म्हणाले, "विहीणबाई, तुमचं पाणी देवघराकडं निघालंय." असा राग आला मला म्हणून सांगू! आणि त्याच श्रावणात आमचे देव खरंच पाण्यात बसले, तेव्हा राग कुणावर काढायचा तेही कळेना. एकदा जांबोटीला सुतकाच्या घरी भेटायला गेलो. सगळे माना खाली घालून बसलेले आणि हे परसात उकिडवे, ओघळामागं बदकासारखे सरकतायत. मेलेल्या माणसाच्या थोरल्या लेकाला जाता जाता सांगून आले, मागची भिंत यंदा टिकत नाही. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. भिंत पडलीच म्हणा ती.

त्यांचं घर, म्हणजे आता माझ्या लेकीचंही, एका तळ्याच्या खालच्या गल्लीत. तळ्याकाठी बाग आहे, तळ्याच्या बाजूनं भिंत घातलेली, बागेत गुळगुळीत सपाट हिरवळ आणि पेन्शनरांचा दगडी कट्टा. बाग दिसायला देखणी, पण पावसानं जरा जोर धरला की तळं भरायचं आणि पाणी बागेला वळसा घालून थेट गल्लीत. लेकीचा फोन यायचा, आई, गॅसची शेगडी माळ्यावर ठेवलीय. माझा जीव इकडं टांगणीला. सगळ्यात हाल गल्लीच्या टोकाच्या शेवंताक्कांचे. एकट्या बाई, शिवणकामावर पोट. तीनदा मशीन पाण्यात बुडालं, भिंतींची ओल उन्हाळ्यातही जाईना. शेवटी कंटाळून घराला कुलूप लावलं आणि हिंडलग्याला लेकाकडं निघून गेल्या. व्याही त्या दिवशी जेवले नाहीत. मला वाटलं, शेजारधर्म. आणखी एक मला कधी कळलं नव्हतं. रोज संध्याकाळी बागेत जायचे, पेन्शनरांशी तासभर बोलायचे, पण उभ्यानं. कट्ट्यावर कधी टेकले नाहीत. सांधे दुखतात म्हणायचे. सांधे दुखणारा माणूस उभा राहतो होय?

मग बाग नव्यानं करायचं ठरलं आणि त्यासाठी शाळेच्या सभागृहात लोकांना बोलावलं. मी लेकीकडं होते, म्हणून मीही गेले. आराखडा करणारी मुलगी धारवाडची, कन्नडातून सुरू करायची आणि मराठीत येऊन पोचायची. तिचं म्हणणं ऐकून सभागृह हबकलंच. काठाची भिंत काढायची, तिथं पायऱ्या करायच्या, हिरवळ खाली खोदायची. उन्हाळ्यात माणसं बसतील, पावसाळ्यात पाणी बसेल. लोक म्हणाले, अहो, बागेत पाणी शिरू नये म्हणून भिंत उंच करा म्हणतोय आम्ही, तुम्ही तर त्याला आवतण देताय. ती म्हणाली, बागेत नाही बसलं तर तुमच्या घरात बसणारच. पण तळ्याचा जुना सांडवा, म्हणजे जादा पाणी नाल्याला जायची वाट, सापडल्याशिवाय हे जमायचं नाही. जुन्या नकाशात आहे, जमिनीवर नाही. सगळी बाग खणायची तर हा पावसाळा हातचा जातो.

तेव्हा माझे व्याही उठले. मी मनात म्हटलं, आता काढतात पिशवीतून तांब्या. पण हात रिकामे होते.

"सांडवा कट्ट्याखाली हाय," ते म्हणाले. "मी बुजवला. सही माझी हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नोकरीत नवे असताना बाग झाली. मराठी शिवजयंतीवाले आणि कन्नड राज्योत्सववाले एरवी कशावर एक होत नाहीत, पण कार्यक्रमाला सपाट मैदान हवं यावर झाले. मध्ये सांडव्याची चारी आडवी. साहेब म्हणाले, आता बुजवा, पुढच्या वर्षी पाइप घालू. यांनी बुजवली, वर कट्टा बांधला. साहेबांची बदली झाली आणि पाइप काही आला नाही. आधी नोकरीसाठी गप्प बसले, मग पेन्शनीसाठी, आणि मग इतकी वर्षं गप्प बसलो हे कोणत्या तोंडानं सांगायचं म्हणून. गावभर लोकांच्या मोऱ्यांच्या चुका काढत फिरणारा हा माणूस! मी तर खुर्चीला खिळले. जावई मान वर करीना, लेक रडत होती. एका पेन्शनरानं तिथल्या तिथं त्यांच्याशी संबंध तोडले.

कट्टा फोडला, खाली चारी जशीच्या तशी निघाली; पावसाआधी पायऱ्या झाल्या, हिरवळही खोदली. गल्लीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. यंदा आषाढात पाऊस असा कोसळला की मला निपाणीत घास गिळवेना. लेकीनं फोन केला: पायऱ्या बुडाल्या, हिरवळ बुडाली, बागेचं तळं झालंय, आणि आई, गल्ली कोरडी आहे. आप्पा, म्हणजे तिचे सासरे, दारोदार विचारत फिरतायत, पाणी आलं का, म्हणून. लोक दार उघडून नाही म्हणतात आणि लावून घेतात.

पाऊस ओसरल्यावर ते मला म्हणाले, हिंडलग्याला सोबत येता का? एकट्याचं धाडस होईना. शेवंताक्कांनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तिसऱ्यांदा मशीन भायेर काढताना तुमीच हात लावलतासा. तवा का न्हाय सांगितलं?"

"भ्यालतो, आक्का."

त्या आत गेल्या. मला वाटलं, संपलं. परत आल्या त्या घराची किल्ली घेऊन. "भिंती वाळल्या की सांगा," म्हणाल्या. "मग बघू."

आता रोज सकाळी ते शेवंताक्कांचं घर उघडतात, खिडक्या सताड उघड्या टाकतात, संध्याकाळी लावून घेतात. गेल्या आठवड्यात मी गेले तेव्हाही तिथंच होते, भिंतीला तळहात लावून, डोळे मिटून. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचा राग आला नाही, आश्चर्यही वाटलं नाही. मी हळूच विचारलं, वाळली का?

"अजून न्हाय, विहीणबाई," ते म्हणाले, आणि हात काढलाच नाही.