पाच वेळा नापास झालेली शिक्षिका

माझी आत्या गाडी चालवण्याच्या परीक्षेत पाच वेळा नापास झाली, आणि आज आमच्या भागात तिच्याइतकी चांगली गाडी कुणी शिकवत नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच बाईबद्दल आहेत, हे नव्या माणसाला दोनदा सांगावं लागतं. मी तिची भाची. त्या पाचांपैकी तीन परीक्षा मी मैदानाच्या कठड्यावर बसून पाहिल्या आहेत, तेव्हा सांगतेय ते ऐकीव नाही.

आत्या तेव्हा चाळिशीत होती आणि एका ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात काम करायची. ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा पिवळा पडलेला तक्ता, एक टेबल, चार खुर्च्या, त्यातली एक डुलणारी. फॉर्म भरणं, फोटो चिकटवणं, शिकायला आलेल्यांना वेळ देणं आणि शिकून आलेल्यांना पाणी देणं हे तिचं काम. पाणी अशासाठी, की शिकवायला उस्ताद होते.

उस्तादांनी बावीस वर्षं लांबच्या पल्ल्याची बस चालवली होती. बसला कधी ओरखडा नाही. डोळे मिटून मागे घेतील असा हात. पण शिकवण्याची त्यांची तऱ्हा एकच, ओरडणं. "क्लच! क्लच म्हणतोय! तो ब्रेक आहे! अहो, पाय कुठंय तुमचा?" हा आवाज गाडी कोपऱ्यावर असतानाच वर ऑफिसात ऐकू यायचा आणि आत्या उठून ग्लास भरायला लागायची. एक धिप्पाड पैलवान एकदा जिना चढून आला, खुर्चीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. तोही नेमका डुलणाऱ्या खुर्चीवर बसला होता, त्यामुळे ते आणखीच करुण दिसत होतं.

आत्यालाही उस्तादांनीच शिकवलं. पहिल्या परीक्षेत चढावर तिची गाडी मागे आली. दुसऱ्या वेळी वळताना सिग्नल द्यायचा, तर तिने वायपर चालू केला आणि लख्ख उन्हात वळण संपेपर्यंत काच पुसत राहिली. तिसऱ्या वेळी सगळं बरोबर झालं, फक्त उतरताना हँडब्रेक ओढायचा राहिला आणि गाडी परीक्षकाच्या मागून चालू लागली. "माणसाच्याच चालीने येत होती, अगदी सभ्यपणे," असं आत्या अजून सांगते. चौथ्या वेळी ती इतकी सावकाश गेली, की परीक्षकाने विचारलं, "बाई, आपण निघालोय ना?" पाचव्या वेळी मागे घेताना तिने परीक्षकाचीच स्कूटर अलगद आडवी केली. सहाव्या वेळी ती पास झाली. घरात कुणाचाच विश्वास बसेना, सगळ्यांनी आधी विचारलं, परीक्षक बदलला होता का?

बदलला नव्हता. पण प्रत्येक परीक्षेनंतर आत्या एका वहीत लिहून ठेवायची. चुकले तेव्हा पाय कुठे होता, नजर कुठे होती, डोक्यात काय चाललं होतं. माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, छापखान्यात मुद्रितं तपासायचे. त्यांनी ती वही वाचली आणि लाल पेनने तिच्यातलं शुद्धलेखन सुधारून परत ठेवली.

सहा वर्षं आत्या स्वतःची जुनी गाडी चालवत कामावर जात राहिली. मग उस्तादांचा घसा बसला. बसला म्हणजे पूर्णच. घशाच्या डॉक्टरांनी आत पाहिलं, मान हलवली आणि सांगितलं, "तीन महिने एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

मालक ऑफिसात येऊन टेबलावर डोकं धरून बसले. "ताई, आता शिकवणार कोण?"

"जाहिरात देऊया," आत्या म्हणाली.

"वेळ कुठंय? तूच शिकव."

"मी? अहो, मी पाच वेळा नापास झालेली बाई!"

एखाद्या गोष्टीतला मालक इथे काहीतरी शहाणपणाचं बोलला असता. आमचे मालक म्हणाले, "माहितीये. पण दुसरं कोणी नाही."

शिकवण्यासाठीही एक परीक्षा असते. ती आत्या पहिल्या फटक्यात पास झाली, कारण ती लेखी होती.

तिची पहिली विद्यार्थिनी दातांची डॉक्टर होती. दिवसाला दहा दाढा उपटणारी बाई, पण समोरून ट्रक आला की डोळे घट्ट मिटून घ्यायची. उस्तादांनी तिच्यासाठी जेवढा आवाज खर्च केला, तेवढ्यात त्यांचा घसा गेला असावा असा आमचा अंदाज आहे. आत्याने गाडी सुरूच केली नाही. झाडाखाली उभ्या गाडीत दोघी बसल्या.

"डॉक्टर, तुमच्या खुर्चीत पेशंट घाबरला की काय करतो?"

"डोळे मिटतो," डॉक्टरीण म्हणाली आणि स्वतःच ओशाळली.

"मग तुम्ही त्याला काय सांगता?"

"सांगते, दुखलं की हात वर करा. मी लगेच थांबेन."

"झालं तर मग!" आत्या खूश झाली. "आपणही तेच करू. भीती वाटली की हात वर करा. माझ्या पायाशी ब्रेक आहे, मी थांबेन."

दहा मिनिटांनी भर चौकात समोरून ट्रक आला. डॉक्टरीणबाईंनी डोळे उघडे ठेवले, ही प्रगतीच. पण ठरल्याप्रमाणे दोन्ही हात वर केले. स्टिअरिंगवर कोणीच नाही! आत्याने एका हाताने स्टिअरिंग धरलं, ब्रेकवर जवळजवळ उभी राहिली आणि गाडी वाहतूक पोलिसाच्या बुटापासून वीतभर अंतरावर थांबली. पोलीस खाली वाकला, खिडकीतून वर गेलेले दोन हात पाहिले आणि म्हणाला, "मी अजून काही म्हटलेलंसुद्धा नाही."

डॉक्टरीण म्हणाली, "माझंच चुकलं. मला जमणारच नाही."

"तुमचं नाही, माझं चुकलं," आत्या म्हणाली. "हात वर करा असं चालत्या गाडीत सांगणारी मीच शहाणी. उद्यापासून तोंडाने 'थांब' म्हणायचं. आणि डोळे उघडे राहिले की नाही?"

"राहिले."

"मग आजचा धडा झाला."

ऑफिसात आल्यावर तिने हा सगळा किस्सा मालकांना, टायरवाल्याला आणि जिन्यात भेटलेल्या दोन नव्या विद्यार्थ्यांना रंगवून सांगितला. शिकवणारीच चुकते हे ऐकून ते दोघं एवढे निर्धास्त झाले, की त्यांनी तिथेच फॉर्म भरला.

उस्तादांना घरी करमेना. ते रोज यायचे आणि गाडीच्या मागच्या सीटवर गळ्याला मफलर गुंडाळून बसायचे. बोलायला बंदी, म्हणून हातात कागदांचा गठ्ठा आणि पेन्सिल. विद्यार्थी चुकला की मागून एक चिठ्ठी पुढे यायची. आत्या वाचायची आणि पर्समध्ये टाकायची. त्यातल्या काही माझ्याकडे आहेत. एकीवर लिहिलंय, "ओरड!" दुसरीवर, "अजून जोरात ओरड." तिसरीवर नुसतंच, "अरेरे."

पण हळूहळू चिठ्ठ्या कमी झाल्या. आता बोलता येत नसल्यामुळे उस्तादांना पाहावं लागत होतं. त्यांच्या लक्षात यायला लागलं, की विद्यार्थी चुकायच्या आधीच आत्या बोलते. चढ यायच्या आधी म्हणते, "आता पोटात गोळा येईल, येऊ दे. गाडी कण्हायला लागली की मगच ब्रेक सोडायचा." वळण यायच्या आधी म्हणते, "आता तुमचा हात वायपरकडे जाणार." हात खरंच वायपरकडे निघालेला असायचा. माणूस तिच्याकडे जादूगार असल्यासारखा बघायचा. एखादा जास्तच शेफारला, की ती त्याला थोडं अवघड काम द्यायची. एखादा खचला, की त्याला आधी जमलेलंच पुन्हा करायला लावायची. आणि नियम मोडला की मात्र तिच्याइतकं कडक कोणी नाही. पट्टा न लावता किल्ली फिरवणाऱ्या एका वकिलाला तिने आठवडाभर मागच्या सीटवर, उस्तादांच्या शेजारी बसवलं होतं.

तीन महिने संपले, तेव्हा उस्तादांचं पहिलं वाक्य ऐकायला आम्ही सगळे जमलो होतो. आवाज बारीक, चिरका आला. त्यांनी विचारलं, "बाई, एक सांगा. समोरचा कुठे चुकणार, हे तुम्हाला आधीच कसं कळतं?"

"तिथं मी चुकलेय ना," आत्या म्हणाली.

उस्ताद म्हणाले, "मी तर कुठंच चुकलो नाही."

"तीच तुमची पंचाईत आहे, उस्ताद."

मालकांना वाटलं, आता भांडण होणार. पण उस्ताद हसले आणि त्या बारीक आवाजात त्यांचं हसू शिट्टीसारखं ऐकू आलं.

इथपर्यंत आत्या मला थोरच वाटत होती. मग आतोबा निवृत्त झाले आणि त्यांनी जाहीर केलं, "आता मी गाडी शिकतो. घरात एवढी नावाजलेली शिक्षिका असताना बाहेर कशाला जायचं?"

पहिल्या दिवशी मी मागच्या सीटवर होते. आत्या म्हणाली, "क्लच हलकेच सोडा."

"हलकेच म्हणजे किती?" आतोबांनी विचारलं.

"अहो, अलगद."

"अलगद आणि हलकेच यांत फरक आहे. तुला नेमकं काय म्हणायचंय?"

"हळूहळू!"

"हा तिसरा शब्द झाला."

गाडीने तीन आचके दिले आणि बंद पडली. आतोबा म्हणाले, "तुझ्या सूचनेत संदिग्धता होती." त्यानंतर आत्या जे ओरडली, ते उस्तादांनासुद्धा उभ्या आयुष्यात जमलं नसतं. पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई चिमटे टाकून आत पळाली. आत्याने दार उघडलं, धाडकन लावलं आणि तरातरा घरी निघून गेली. मीही तिच्यामागे धावले. आतोबा तिथेच बसून राहिले. गाडी चालवता येत नव्हती, आणि गाडी रस्त्यात सोडून जाणं नियमात बसत नव्हतं. दीड तासाने उस्तादांना ते दिसले. आतोबा गाडीसोबत मिळालेलं माहितीपुस्तक वाचत होते आणि त्यातल्या छपाईच्या चुकांवर खुणा करत होते.

घरी आत्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. "एवढ्या लोकांना शिकवलं," ती मला म्हणाली, "कुणावर आवाज चढवला नाही. आणि यांच्यावर? मी कसली शिक्षिका!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला ग्लास भरून दिला, दुसरं काय करणार?

आतोबा आले ते उस्तादांबरोबर, गाडीतूनच. आत्या उठली आणि सरळ म्हणाली, "माझं चुकलं. तुम्ही विद्यार्थी म्हणून बसला होतात आणि मी बायको म्हणून ओरडले."

"वाक्य निर्दोष आहे," आतोबा म्हणाले. त्यांच्याकडून यापेक्षा गोड काही येत नाही, हे आत्याला ठाऊक होतं.

आतोबांना उस्तादांनी शिकवायचं असं तिथेच ठरलं. उस्तादांना आता ओरडता येत नव्हतं, आणि आतोबांना शब्दाशब्दाचा खुलासा हवा असायचा. उस्तादांना आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचे हातपाय नेमकं काय करतात, याचा विचार करावा लागला. "हलकेच म्हणजे," त्यांनी दोन दिवसांनी येऊन सांगितलं, "झोपलेल्या मुलाच्या अंगाखालून हात काढतो ना, तसं." आतोबांनी ते मान्य केलं. इतकंच नाही, आत्यानेही ते वाक्य उचललं आणि उस्तादांना तसं सांगून उचललं.

आतोबा पहिल्याच परीक्षेत पास झाले. पुढचा महिनाभर घरात राहणं कठीण होतं.

यथावकाश मालकांनी आणखी दोन गाड्या घेतल्या आणि नवे शिक्षक नेमायचं काम आत्याकडे आलं. येणारे सगळे चालवण्यात पटाईत. आत्या त्यांची गाडी बघतच नाही. पहिल्या दिवशी त्यांना टेबलापाशी बसवते, हातात दोन सुया आणि लोकरीचा गुंडा देते आणि म्हणते, "वीस टाके घाला." तासाभरात माणूस घामाघूम. ती शेजारी बसून पाहते, तो चिडतो का, हसतो का, विचारतो का, की जमतंय असं सोंग आणतो. सोंग आणणाऱ्याला ती चहा पाजून परत पाठवते. बाकीच्यांना सांगते, "आता कसं वाटतंय ते लक्षात ठेवा. उद्या तुमच्या शेजारी बसणाऱ्याला असंच वाटणार आहे."

मागच्या महिन्यात एक तरुण मुलगी आली होती. तिने वीस टाक्यांच्या जागी सत्तावीस घातले, सगळे उसवले, खो खो हसली आणि म्हणाली, "काकू, पहिल्यापासून दाखवा ना, माझं कुठे बिघडतंय तेच कळत नाहीये." आत्याने तिला त्याच दिवशी कामावर घेतलं.