राणीचं नाक

आखातातलं युद्ध संपून चार-पाच वर्षं झाली असतील. तिथल्या मंगफ गावात एका इंग्रज इंजिनीअर साहेबांच्या घरी मी साफसफाईला होतो. दिवाळी जवळ आली की चांदी घासायची, ही आमच्या रत्नागिरीकडची सवय. मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी साहेबांच्या काचेच्या कपाटातलं काळपटलेलं चांदीचं मेडल मी काढलं आणि दाताच्या पांढऱ्या पावडरीनं लख्ख घासलं.

मग नीट पाहिलं. मेडलवरच्या राणीला नाकच नव्हतं.

अकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपायला पंधरा दिवस उरले होते आणि त्या कागदांवर साहेबांची सही व्हायची होती. सही नाही झाली तर सरळ विमानात. घरी दोन बहिणींची लग्नं अडलेली.

स्वयंपाकाला रायगडचे एक चाचा होते. त्यांना दाखवलं.

"अरे गाढवा, राणीचं नाक कापलंस? शूर्पणखा झाली की रे तिची!"

"चाचा, थट्टा नको. काय करू?"

"तव्याची काजळी चोळ नि ठेव जागेवर. कुणाला कळत नाय."

काजळी बोटावर घेतलीसुद्धा. पण लपवलेलं पचवायची माझी छाती नाही. साहेब ऑफिसातून येईपर्यंत मी मेडल रुमालात धरून दारातच बसलो, आणि ते आल्या आल्या मोडक्या हिंदीत सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी मेडल उजेडात धरलं. नाकाच्या जागी अंगठा फिरवला. मग हसायलाच लागले.

"हे नाक तू नाही घालवलंस. माझ्या आजीनं घालवलं. दर रविवारी घासायची. पुन्हा मात्र हात लावू नकोस."

साहेब दाराशेजारच्या खुर्चीत टेकले आणि मेडलच्या कडेवर कोरलेलं नाव दाखवलं. त्यांच्या खापरपणजोबांचं.

"खलाशी होते?" मी विचारलं.

"नाही. शिडाच्या जहाजावरचा शिपाई. मरीन म्हणतात. तरुणपणी लढला, मेडल मिळालं म्हातारपणी. लिहिता येत नव्हतं, अर्जावर नुसती फुली मारली होती."

त्या फुलीवाल्या म्हाताऱ्याचे मी मनातल्या मनात पाय धरले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतःच अकाम्याचा फॉर्म पुढ्यात घेतला. मला इंग्रजी येत नाही म्हणून एकेक रकाना विचारून भरत गेले.

"शिक्षण?"

"सहावी पास."

त्यांनी लिहिलं आणि खाली सही ठोकली. खरं तर सहावीत मी नापास झालो होतो. पण त्या आठवड्यात आणखी काही कबूल करायची ताकद माझ्यात उरली नव्हती.