गंगापूर रोडवर अंजलीचा बोर्ड

माझी बहीण अंजली एमएसडब्ल्यू करते. आमच्या बोरस्त्यांच्या भावकीत एवढी शिकलेली दुसरी पोरगी दाखवा, मी तुमच्या घराला माझ्या हाताने फुकट ग्रिल बसवून देतो. मी हर्षल, तिचा मोठा भाऊ. नववीत मी शाळा सोडली का शाळेने मला, ते आता आठवत नाही. पण इंदिरानगरच्या कुठल्याही गल्लीत उभं राहून वर बघा. दहातल्या चार खिडक्यांना माझं काम असतं. एक जोड सुटलेला दाखवा, बस.

वडील ओझरला कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होते. ते गेले तेव्हा अंजली सातवीत. तिथून पुढं तिचं सगळं मी बघितलं. तिची बारावी झाली तसा मामा स्थळ घेऊन आला. मी त्याला चहा पाजला आणि म्हणलं, "मामा, स्थळ आलं तसं परत न्या. पोरगी शिकणार आहे."

"शिकून काय करणार ती?"

मला कुठं माहीत होतं. म्हणलं, "काय करायचं ते करंल. तुम्हाला विचारायला येणार नाही."

मामा वर्षभर बोलला नाही. चाललं.

बीए झाल्यावर तिने एमएसडब्ल्यूचा फॉर्म भरला. समाजसेवेचं शिक्षण, दोन वर्षं. मी लय हसलो. आमच्याकडं समाजसेवक व्हायला दोन वर्षं लागतात का? चौकातला कुठलाही बोर्ड बघा. दहा डोकी, पांढरे कपडे, सगळ्यांच्या नावापुढं समाजसेवक. त्यातले दोघं तर माझ्याबरोबर नववीत बसले होते.

अंजली म्हणायची, "दादा, मला समाजसेविका नको म्हणू. मी शिकाऊ कार्यकर्ती आहे."

"कार्यकर्ती पक्षाची असती. तुझा पक्ष कोणता?"

"मेथीचा," ती म्हणायची.

त्याचं असं होतं. गुरुवारी आणि शनिवारी तिला फिल्डवर्क असायचं. म्हणजे कॉलेजात न बसता प्रत्यक्ष माणसांत जायचं. एका संस्थेमार्फत तिला गंगापूर रोडच्या मागं बांधकाम मजुरांची वस्ती दिली होती. पहिल्या दिवशी तिथल्या बायांना वाटलं, ही महापालिकेची, झोपड्या मोजायला आली. कुणी दारात उभं करेना. कॉलेजच्या मॅडमने तिला सांगितलं, भाषण देऊ नको, नुसती जाऊन बस. मग ही बसायला लागली. बाया भाजी निवडत बसल्या की ही पण निवडायची. तीन महिने माझ्या बहिणीने वस्तीतल्या मेथ्या निवडल्या. आई म्हणायची, "घरची येक जुडी हातात घेत नाय, आन् तिकडं जाऊन निवडती."

पण तिथं बाया बोलायला लागल्या. पोरी तर तिच्या अंगाला चिकटूनच असायच्या. हे सगळ्यांना जमत नाही. तिच्या वर्गात इंग्लिश मीडियमवाली पोरं होती. त्यांना वस्तीत कुणी पाणी सुद्धा विचारलं नाही. माझ्या बहिणीला चहा मिळायचा.

घरी येऊन ती वहीत सगळं लिहायची. एकदा मी ती वही उचलून वाचली. त्यात 'क हिची आई' असं होतं.

"क म्हणजे कोण गं?"

"ते नाही सांगता येत."

"मी तुझा भाऊ आहे का कोण आहे?"

"भाऊ आहेस म्हणून वही नुसती काढून घेतली," ती म्हणाली. "दुसरं कुणी असतं तर भांडले असते."

मला ते पटलं नाही. आपण चांगलं काम करायचं आणि कुणाचं केलं ते लपवायचं, हा काय धंदा झाला? मी ग्रिल बसवतो तर कोपऱ्यात माझ्या नावाची पट्टी मारतो.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. शनिवारी ती घरी आली आणि न जेवता ओट्यापाशी उभी राहिली. आईने विचारलं तर म्हणाली, "आई, एका मुलीचं लग्न थांबलं. पंधरा वर्षांची आहे. तारीख धरली होती." त्या पोरीने अंजलीला एकटीला गाठून सांगितलं होतं, ताई, मला दहावी करायचीय. अंजलीने संस्थेत सांगितलं, संस्थेने सरकारी माणसांना कळवलं, ते येऊन आईबापाकडून लिहून घेऊन गेले, की अठरा झाल्याशिवाय लग्न लावणार नाही. तक्रार कुणी केली, ते आईबापाला कळलंच नव्हतं. त्यांना वाटलं, शाळेतून गेली असंल.

"आणि कळायला पण नको," अंजली म्हणाली. "कळलं तर मला त्या घरात पाय ठेवता येणार नाही, आणि तिला ते शाळेत ठेवणार नाहीत. हे घराबाहेर जाऊ देऊ नका. दादा, ऐकतोय ना?"

"ऐकलं की," मी म्हणलं.

मी खरंच ऐकलं होतं. पण माझी छाती अशी फुगली होती, की ते आत टिकंना. नदीत पोरगी बुडत असती आणि मी उडी मारली असती, तर सगळ्या नाशिकने हार घातले असते. माझ्या बहिणीने त्याच्याहून मोठं केलं आणि तिला ओट्यापाशी उभं राहून थंड भात खायचा? मी मनात म्हणलं, पोरीचं नाव मला माहीतच नाही. जे माहीत नाही, ते मी सांगणार कसं? अंजलीचं नाव तर आपलंच आहे.

सलाउद्दीन माझा दोस्त. त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे, आणि त्याच्या बोर्डांच्या लोखंडी फ्रेमा मी बनवतो. मी त्याला मजकूर दिला. 'बालविवाह रोखून अल्पवयीन मुलीचे आयुष्य वाचविणाऱ्या धडाडीच्या समाजसेविका कु. अंजली कारभारी बोरस्ते यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक, हर्षल फॅब्रिकेशन व मित्र परिवार.'

फोटो माझ्याच मोबाइलमधला. तिला एकदा वस्तीपाशी सोडलं होतं, तेव्हा गाडीवरूनच काढलेला. अंजली हसतीय, शेजारी शाळेच्या ड्रेसमधली एक पोरगी, आणि अंजलीचा हात तिच्या खांद्यावर. अंजली असं हसलेला दुसरा फोटो आमच्याकडं नव्हता.

सलाउद्दीनने स्क्रीनवर बघितलं. "हर्षलभाऊ, ही पोरगी कोण?"

"असंल वस्तीतली कुणीतरी."

"काढून टाकू का? नुसती ताई ठेवतो. मागं गुलाबी ढग टाकतो, मस्त दिसंल."

"ढग कशाला? तिचं काम दिसलं पाहिजे ना लोकांना."

"ताईला विचारलंस का?"

"तिला विचारलं तर ती हो म्हणंल का? सरप्राइज आहे."

"अरे, आमच्या अमिनाचा नुसता दहावीचा रिझल्ट लावला होता मी दुकानाबाहेर," सलाउद्दीन म्हणाला, "तर आठ दिवस बोलली नाही मला."

"तुझी पोरगी लाजाळू. माझी बहीण वाघीण आहे. छाप."

दोन बोर्ड केले. एक आमच्या इंदिरानगरच्या चौकात, आणि दुसरा, जिथं तिचं काम आहे तिथं, गंगापूर रोडला, बंगल्यांच्या कोपऱ्यावर. गुरुवारी सकाळी मी स्वतः शिडीवर चढून तार पिळली. खाली उतरून रस्ता ओलांडला आणि समोरून बघितलं. खरं सांगतो, माझ्या डोळ्यात पाणी आलं. वडील पाहिजे होते, असं वाटलं.

दुपारी तिचा फोन आला.

"दादा, बोर्ड तू लावलास?"

"आवडला का?"

"काढ."

"अंजे, लाजायचं काय त्यात? लोकं फोन करायला लागलेत मला."

"दादा, ती तीच आहे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "फोटोतली. तीच मुलगी आहे. काढ तो."

चौकातला बोर्ड सलाउद्दीनला काढायला सांगितला आणि मी कामावरून तसाच निघालो, हातातला ग्लोव्ह पण काढला नाही. कोपऱ्यावर पोहोचलो तर बोर्डाखाली बंगल्याचा वॉचमन उभा. मी शिडी लावली तसं तो बोलायला लागला.

"तुम्ही लावला का हो हा? सकाळी आमच्याकडं भांडी घासणारी नवसाबाई आली ना, ती इथंच थांबली. तिची पोरगी आहे ती, निकिता. लय खुश झाली बाई. मला म्हणती, दादा, माही पोरगी बोर्डावर आली, शाळेत नंबर आला काय तिचा? वाचून दाखवा ना."

"मग?"

"मग काय. वाचून दाखवलं मी. मोठ्यानेच वाचलं, बाईला ऐकू कमी येतं."

"काय म्हणाली ती?"

"पुन्हा वाचा म्हणाली. पुन्हा वाचलं. मग भांडी न घासताच माघारी गेली."

मी वरून तार तोडली. फ्लेक्स माझ्या अंगावरच पडला.

वस्तीत गेलो तर निकिताच्या घराला कुलूप होतं आणि बाहेर अंजली उभी. शेजारची एक बाई सांगत होती, की बाप कामावरून आला, त्याने अर्ध्या तासात बोचकं बांधलं. पोरगी बोर्डावर लावून अख्ख्या रोडला दाखवली, म्हणला, आता हिला कोण करून घेणार? बाई अंजलीकडं बघून बोलत नव्हती. कुलपाकडं बघून बोलत होती. मी म्हणलं, "मावशी, ते माझं..." अंजलीने माझ्या मनगटाला धरून मला बाजूला नेलं आणि म्हणाली, "तू घरी जा."

संस्थेने त्याच दिवशी पोलिसांना कळवलं. बापाचा फोन बंद, गाव माहीत नाही. नातेवाईक सटाण्याकडं, एवढंच कळलं. अकराव्या दिवशी निकिता सापडली. नातेवाइकांच्या मळ्यातच लग्न लावलं होतं. तिला नाशिकला आणून बालगृहात ठेवलं. बापावर आणि नवऱ्याकडच्यांवर केस झाली.

मी कॉलेजात गेलो. कॉलेजात शिरायची माझी पहिलीच वेळ. मॅडमपुढं उभा राहिलो आणि म्हणलं, चूक माझी आहे, काय शिक्षा द्यायची ती मला द्या, पण माझ्या बहिणीचं वर्ष घालवू नका. तिच्यासारखी दुसरी तुमच्या कॉलेजात नाही.

मॅडम म्हणाल्या, "नाही. ते मला माहीत आहे."

"मग?"

"हर्षलराव, तुमच्यासाठी माझ्याकडे शिक्षा नाही. तुम्ही आमचे विद्यार्थी नाही. अंजलीने स्वतः लिहून दिलंय, की मी घरी बोलायला नको होतं."

"घरात बोलली हो ती! आईला! जेवत नव्हती म्हणून आईने विचारलं!"

"मला कळतंय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. पाणी दिलं. पण फिल्डवर्क रद्द झालं ते झालंच. ते वर्ष तिला पुन्हा करायचंय. कॉलेजच्या बाहेर आल्यावर मला किल्ली लावायचं भोक दिसंना. गाडी ढकलत फाटकापर्यंत नेली.

घरी अंजली मला काही बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मी भांडणात मागं पडत नाही. एकदा मीच म्हणलं, "शिव्या दे ना मला." ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "देऊन काय होईल, दादा?" आणि माझा शर्ट घडी घालून माझ्याच खणात ठेवला.

मॅडम बालगृहात जाऊन निकिताला भेटल्या, त्या दिवशी त्यांचा फोन आला. अंजली नुसतं हो मॅडम, हो मॅडम करत होती. फोन ठेवल्यावर आईने विचारलं, "कशी हाय गं पोर?"

"बरी आहे. तिथून शाळेत घालणारेत."

"तुला भेटंल का?"

"नाही म्हणाली." मग भिंतीकडं बघत म्हणाली, "मॅडमला म्हणाली, मी तर माझ्या आईला पण सांगितलं नव्हतं. मग ताईने का सांगितलं?"

आई पदर तोंडाला लावून आत गेली. मी तिथंच होतो.

मी म्हणलं, "मी जातो तिच्याकडं. सांगतो, ताईने नाही, मी."

"तू नाही जायचं," अंजली म्हणाली. "कुणाकडंच नाही. तुला तिथं जाऊन मोकळं व्हायचंय. तिचं काय?"

नवसाबाई वस्तीत परत आली आहे. एकटीच. नवरा केसमध्ये अडकलाय, आणि ज्या बंगल्यात भांडी घासायची तिथं दुसरी बाई लागली. अंजलीने मॅडमला विचारून तिच्याकडं जायला सुरुवात केली. हे फिल्डवर्कमध्ये धरणार नाहीत, याला मार्क नाहीत. तरी दर शनिवारी जाते. मी गाडीवर सोडतो म्हणलं तर नको म्हणते, बसने जाते. तिथं काय होतं, ते मला माहीत नाही. ती घरी काही सांगत नाही, आणि आता मी विचारत पण नाही. एवढंच कळलंय, की नवसाबाई दार उघडत नाही, आणि ही दाराबाहेर तासभर बसून येते.

मामा परवा आला होता. म्हणला, "झालं का समाजसेवेचं? आता तरी स्थळ बघायचं का?" मी म्हणलं, "मामा, चहा घ्या आणि उठा. पोरीचं शिक्षण चालू आहे." आवाज पहिल्यासारखाच काढला मी. अंजली आतल्या खोलीत होती, तिने ऐकलं असंल.

शनिवारी ती आली, की आई दारातच विचारते, "बोलली का ती?"

अंजली चपला काढते आणि मान हलवते. नाही.