आबांच्या शब्दावरचं ॲप

मला एका जागी शांत बसता येत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या वर्षी माझं जे चाललं होतं त्याला चुळबूळ हा शब्द फारच सौम्य झाला. कणीक मळताना फोन ओट्यावर, रिक्षात फोन हातात, ऑफिसात फोन मांडीवर. दर पाच-दहा मिनिटांनी मी एकच आलेख उघडायचे: आज किती जणांनी आपलं ॲप काढून टाकलं? ॲप स्टोअर हा आकडा दिवसातून एकदाच बदलतं हे मला पक्कं माहीत होतं. पोटापाण्याचा धंदाच तो माझा. तरी उघडायचेच.

ॲप आमच्या मंडळाचं होतं. खानदेशातून येऊन सुरतेच्या पांडेसऱ्यात आणि आसपास राहिलेल्या आमच्या लोकांचं हे मंडळ. सगळं जग ज्या ॲपवर बोलतं त्यावर मंडळाचे गट होतेच, पण तिथे सकाळी उठल्यापासून गुलाबाची फुलं आणि सुप्रभात. एकदा आमच्याच गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या निधनाची बातमी त्या फुलांखाली अशी गाडली गेली की कित्येकांना दहाव्याच्या दिवशी कळलं. आमच्यात माणूस गेलं की दारावर जावं लागतं. नाही गेलात तर पुढच्या लग्नात तुमच्याशी कुणी धड बोलत नाही. मंडळाच्या बैठकीत यावर बराच आरडाओरडा झाला, अध्यक्ष म्हणाले आपलं स्वतःचं काहीतरी हवं, आणि मागच्या रांगेतून माझे वडील उठून उभे राहिले.

"मनी आंडेर करी दी," आबा म्हणाले. माझी मुलगी करून देईल.

मला कुणी विचारलंही नव्हतं. मी पर्वत पाटिया भागात साड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते. तिथलंच काम मानगुटीवर बसलेलं. मी घरी खूप आदळआपट केली. "करी दी म्हणायला तुमचं काय जातं आबा?" असंही बोलले. आबा हसले नुसते. आयुष्यभर डाइंग मिलच्या रंगखात्यात काम केलेला माणूस. तिथे त्यांना कुणी काही विचारलं नाही, मंडळातही नाही. त्या दिवसापासून मात्र अध्यक्षांनी त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची दिली. आता अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

मी चार महिने रविवार घालवून ॲप केलं. लग्न, नोकरी, खोली आणि दुःखद, असे चारच विभाग. फुलांना बंदी. मंडळाच्या सूचना कुणी चुकून पुसू नयेत म्हणून पुसायची सोयच ठेवली नाही. निधनाची बातमी आली की हार घातलेल्या फोटोसह ती सात दिवस सगळ्यात वर चिकटून राहायची, ॲप उघडलं की आधी तीच दिसायची. फोन बदलला, ॲप काढून पुन्हा घातलं, तरी सगळं जसंच्या तसं परत यायचं. स्टोअरवर मीच मोठ्या ऐटीत लिहिलं होतं: 'इथे काहीही हरवत नाही.'

आबा चष्म्याचं घर खिशात घालून दारोदार फिरले. कुठे काय दाबायचं ते त्यांनी पाठ केलं होतं. प्रत्येक घरी बसून, पाणी पिऊन, स्वतःच्या हाताने त्या माणसाच्या फोनवर ॲप घालून द्यायचे. लोकांनी ते घेतलं ते माझ्या हुशारीवर नाही, आबांच्या शब्दावर घेतलं. माझा जीव टांगणीला लागला तो म्हणूनच. ॲप बुडालं असतं तर मी दुसरं केलं असतं. आबांना दुसरी खुर्ची कुणी दिली नसती.

पहिले तीन आठवडे छान गेले. मग एका मंगळवारी आलेख एकदम खाली आला. खूप जणांनी एकाच दिवशी ॲप काढून टाकलं होतं. मग काही दिवस शांतता, आणि पुन्हा तसंच. हळूहळू नाही, थोडं थोडं नाही. एकदम झुंडीने जायचे आणि परत यायचे नाहीत.

मी अपडेट काढायला लागले. ॲप जड असेल म्हणून त्याचा आकार कमी केला. बॅटरी खात असेल म्हणून ते दुरुस्त केलं. निधनाच्या बातमीलाही देवळातल्या घंटीसारखा गोड आवाज वाजत होता हे लक्षात आल्यावर कपाळावर हात मारून घेतला आणि तो बदलला. अक्षरं मोठी केली. दर वेळी स्टोअरकडे पाठवायचं, 'तपासणी चालू आहे' या ओळीकडे बघत बसायचं, तपासणी झाली की लोकांच्या फोनवर जायची वाट बघायची. 'काय नवीन' या रकान्यात दर वेळी तेच लिहायचं: किरकोळ सुधारणा. पुढच्या झुंडीला त्या किरकोळ सुधारणांचं काडीचंही कौतुक नसायचं. ऑफिसात शेजारी बसणारी सुरती मैत्रीण म्हणायची, तू नखं खातेस ते ठीक आहे, पण निदान माझी पेन्सिल तरी खाऊ नकोस.

अध्यक्षांनी आबांना गाठून सांगितलं की पुढच्या बैठकीत काय ते ठरवून टाकू, नाहीतर जुनं होतं तेच बरं होतं. आबांनी ते घरी मला सांगितलं नाही. आईने सांगितलं. आता काही घरी आबांना बघून लोक आत निघून जातात, हेही तिनेच सांगितलं. मी त्या दिवशी जेवले नाही. मला लोकांचा राग आला, आबांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण कोड मी सतरा वेळा तपासला होता आणि त्यात चूक सापडत नव्हती.

ती घरात सापडली, रविवारी दुपारी. जेवणं झाली होती. आबांचा फोन वाजला, निधनाची बातमी. आबांच्या मिलमधल्या एका जुन्या सोबत्याची आई गेली होती. आबांनी वाचलं, आईला सांगितलं, दोघं थोडा वेळ त्या बाईंबद्दल बोलले. मग आई म्हणाली, "ते काढी टाका आधी. घरमा नको."

आबा उठले, फोन घेऊन दाराबाहेर गेले, पायरीवर उभं राहून त्यांनी ॲपवर बोट दाबून धरलं आणि काढून टाकलं. ॲपच! मग हातपाय धुऊन आत आले. मी हातातलं ताट तसंच धरून उभी.

"आबा, तुम्ही ॲप काढलंत?"

"मंग?" त्यांना माझ्याच प्रश्नाचं नवल वाटलं. "मातीनं पत्र घरमा ठेवतस का?"

मग दोघांनी मिळून मला सांगितलं. पूर्वी गावाहून मरणाचं कार्ड यायचं, कोपरा फाडलेलं. ते उंबऱ्याबाहेरच वाचायचं आणि वाचलं की तिथेच फाडून टाकायचं. घरात ठेवायचं नाही. मी आयुष्यात कार्ड पाहिलेलं नाही, मला कुठून माहीत असणार? मंडळाच्या जुन्या गटांवर हा प्रश्नच आला नव्हता, कारण तिथे तासाभरात फुलं येऊन बातमी दिसेनाशी व्हायची, किंवा पोरं पुसून द्यायची. माझ्या ॲपमध्ये ती हार घालून सात दिवस वर बसायची आणि पुसता येत नव्हती. मग लोकांनी काय करावं? त्यांनी सगळं ॲपच फाडून टाकलं. काहींनी पुन्हा घालून पाहिलं तर गेलेलं माणूस हारासकट परत हजर. त्यानंतर कोण हात लावणार!

"मला आधी सांगायचं नाही का?" मी जवळजवळ ओरडलेच.

"यामा सांगानं काय?" आबा म्हणाले. "पत्र तर सगळाच फाडतस."

आणि स्वतः? ते दर वेळी काढून टाकायचे आणि आठ दिवसांनी, बातमी खाली गेली की, स्वतःच पुन्हा घालायचे. पाठच होतं त्यांना. बाकीच्यांना नव्हतं. ॲपचा दारोदार प्रचार करणारा माणूसच ते महिन्यातून दोनदा काढून टाकत होता आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं.

सोमवारी मैत्रिणीला सांगितलं तर ती हसायलाच लागली. "काळोतरी ते घरमां रखाय? तने आटली खबर नथी?" गुजराती लोकही मरणाचं पत्र घरात ठेवत नाहीत. म्हणजे अख्ख्या सुरतेत हे माहीत नसलेली मी एकटीच होते, आणि निधनाच्या बातम्यांचं ॲप नेमकं मीच केलं होतं.

मी आठवडाभर दुसरं काही केलं नाही. नव्या आवृत्तीत दुःखद बातमीखाली एकच बटन ठेवलं: वाचलं. ते दाबलं की बातमी त्या फोनवरून जायची, परत कधीच यायची नाही. पाठवणाऱ्याकडेही राहायची नाही. सर्व्हरवरही प्रत ठेवली नाही. ज्याला पोचली त्याच्यापुरती ती तिथून पुसली जायची. अध्यक्षांनी दोनदा विचारून घेतलं, कुठंच राहणार नाही ना? मी म्हटलं, कुठंच नाही. स्टोअरवरची 'काहीही हरवत नाही' ही ओळ काढली. तपासणीला या वेळी चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी आलेख, घड्याळ आणि आईचं डोकं, तिन्ही आलटून पालटून खाल्लं. मग आबा पुन्हा चष्म्याचं घर घेऊन निघाले. बैठक पंधरा दिवसांवर होती.

बैठकीच्या आधीच शिरपूरजवळच्या आमच्या गावी मोठे काका गेले. आबांचे सख्खे थोरले भाऊ, आबांना बोट धरून सुरतेला आणणारे. सकाळी अकराच्या सुमारास आईचा ऑफिसात फोन आला. रडत होती. मी पिशवी भरायला घेतली तेवढ्यात टेबलावरचे माझे चाचणीचे दोन्ही फोन वाजले. आवाज बरोबर होता. दुःखद. काकांचा फोटो, खाली मजकूर, आबांनी पाठवलेला. एरवी आबा बोलून टाइप करून घेतात किंवा माझ्याकडून लिहून घेतात. या वेळी त्यांनी स्वतः, एकेक अक्षर शोधून, लिहिलं होतं, हे आईने नंतर सांगितलं. बराच लांब होता मजकूर.

मी पहिल्या फोनवर 'वाचलं' दाबलं. गेलं. दुसऱ्यावर दाबलं. गेलं. ॲप बंद करून पुन्हा उघडलं. नव्हतं. माझ्या स्वतःच्या फोनवरही तेच केलं. खरीखुरी बातमी, खरे शेकडो फोन, आणि सगळं सुरळीत. "चाललं!" मी मोठ्याने म्हणाले. मैत्रिणीने चमकून माझ्याकडे पाहिलं. आई फोनवर का रडत होती हे तिला मघाशीच मी सांगितलं होतं.

घरी पोचले तर गल्लीत माणसंच माणसं. कुणी पाळी बदलून आलं होतं, कुणी मिलमधून तसंच रंगलेल्या हातांनी. आबांना बघून आत निघून जाणारी घरंही आली होती. गावी जायला दोन गाड्या ठरल्या होत्या, त्या भरून तिसरी बोलवावी लागली. अध्यक्ष स्वतः आबांच्या शेजारी बसले. आम्ही सुरतेबाहेर कडोदऱ्याच्या पुढे गेलो तरी फोन येतच होते, आम्ही मागून निघालोय म्हणून. आबांना एकट्याने जावं लागलं नाही. बैठकीत ॲपचा विषय निघालाच नाही, काढायची गरजच राहिली नव्हती.

सुरतेला परतल्यावर लोक दारावर यायला लागले. येणारा प्रत्येक जण आबांचा हात धरून काकांबद्दल कमी आणि त्या मजकुराबद्दल जास्त बोलायचा. "भाऊ, तुमनं वाचीसन डोयामा पानी उनं," अध्यक्ष म्हणाले, वाचून डोळ्यांत पाणी आलं म्हणून. एका म्हातारबुवांना त्यातली, दोघा भावांनी स्टेशनवर वाटून खाल्लेल्या भाकरीची गोष्ट लक्षात राहिली होती. शेजारच्या काकूंना आठवत होतं की आबांनी काकांची कशाची तरी माफी मागितली होती, पण कशाची ते नीट सांगता येईना. मी चहा देत होते आणि ऐकत होते. मला त्यातलं एक वाक्यही माहीत नव्हतं.

मी सर्व्हर पाहिला, तिथे काही नव्हतं. मीच लिहिलं होतं ते, काय असणार? चार ठिकाणी विचारलं, सगळ्यांनी वाचून बटन दाबलं होतं, अगदी सांगितल्याप्रमाणे.

तेराव्यानंतर, घरात आम्ही तिघंच उरल्यावर, मी आबांना विचारलं, काय लिहिलं होतं तुम्ही?

आबा पलंगावर बसले होते. "तू वाचं नही का?"

खोटं बोलावंसं खूप वाटलं. "मी बटन दाबलं," मी म्हटलं. "चालतंय का ते बघायला."

आबांनी चष्मा काढून त्याच्या घरात ठेवला. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी त्यांच्या पायाशी बसले आणि म्हटलं, आता सांगा ना, मी लिहून घेते. त्यांनी खरंच आठवून पाहिलं, बराच वेळ.

"आते कसं सांगू?" ते म्हणाले. "तवय जे मनमा उनं ते लिखं."