रेड्यासाठी डॉक्टर

नात पुण्याहून दिवाळीच्या सुट्टीला आली आणि पहिल्याच सकाळी तिने चहाचा कप माझ्याकडे परत सरकवला. दूध नको, कोरा चहा दे म्हणाली. उचगावातल्या आमच्या गोठ्यातल्या दुधावर तिचं बारसं झालं, शाळा झाली, आता कॉलेजही चाललंय. मी म्हटलं, पोट बिघडलं काय?

"पोट नाही गं आज्जी. ते दूध आपलं नाहीच, रेडकाचं आहे. जनावरांनाही माणसांसारखेच हक्क पाहिजेत."

"कुठल्या माणसासारखं?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हंजे तुझ्या बासारखं का तुझ्या आईसारखं? आधी ठरीव की. तुझी आई चारला उठतीया ती रातच्याला पाठ टेकतीया. म्हशीला तुझ्या आईचं हक्क दिलंस तर म्हस दावं तोडून पळंल बघ."

चुलीपाशी सून हसली. मग मुलगा दारात उभा दिसला आणि तिचं हसू थांबलं.

मी चौथीपर्यंत शिकले. हक्काचं मला काही कळत नाही, पण म्हशींचं कळतं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूने पहिली गोष्ट सांगितली ती ही, की म्हशीची पेंड भिजवल्याशिवाय सुनेने तोंडात घास घालायचा नाही. म्हैस व्याली की तिला बाजरी शिजवून गूळ घालून द्यायचे. मी बाळंत झाले तेव्हा दहाव्या दिवशी त्याच म्हशीखाली धारेला बसले. म्हैस आजारी पडली की सासरे सायकलवरून डॉक्टरकडे धावत. मला ताप आला की सासू म्हणायची, घाम आला की उतरंल. त्या वेळी कुणी मला म्हशीच्या बरोबरीचे हक्क दिले असते तर मी गल्लीत पेढे वाटले असते.

त्या दिवाळीत आमची एक म्हैस नुकतीच व्यालेली होती. रेडा झाला होता, पंधरा दिवसांचा. ज्यांच्याकडे म्हशी नाहीत त्यांना यातली गोम कळायची नाही, म्हणून सांगते. रेडी झाली की घरात आनंद, कारण ती उद्या दूध देणार. तिच्यासाठी एक सड राखून ठेवतात. रेडा झाला की घर गप्प. म्हैस पान्हा सोडेपर्यंत त्याला तोंड लावू देतात आणि दूध उतरलं की दाव्याने ओढून बाजूला बांधतात. मग तो हळूहळू वाळतो, अंगावरचे केस राठ होतात आणि एका सकाळी उठत नाही. रेड्याला कुणी मारत नाही. फक्त जगवत नाही. माझ्या हातून असे किती गेले, ते मी मोजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे नात आईच्याही आधी उठली. हेच मोठं नवल. गोठ्यात गेली, रेडकाला सोडलं आणि मोबाईल धरून उभी राहिली. रेडकू आयुष्यात पहिल्यांदा पोटभर प्यायलं, आणि मग पोट भरल्यावरही प्यायलं. चारही सड रिकामे होईपर्यंत त्याने मान वर केली नाही.

मी बाजेवरून सगळं बघत होते. इतक्या कोवळ्या जनावराला एकदम एवढं दूध बाधतं, हे मला माहीत होतं. एक शब्द बोलले असते तर भागलं असतं. बोलले नाही. पोरीची जरा जिरू दे, असं वाटलं.

सून बादली घेऊन आली तर म्हशीची कास लोंबत होती. दारात गिऱ्हाईक किटल्या घेऊन उभं.

"आता ह्येंच्या किटलीत काय घालू?" मुलगा नातीवर ओरडला. "तुझा मोबाईल घालू?"

"त्याचं होतं, त्याने प्यायलं," नात म्हणाली. आवाज बापासारखाच, चढा.

दुपारी रेडकाला पांढरी हगवण लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे डोळे आत गेले होते आणि मान जमिनीवर पडली होती. नात त्याच्याजवळ बसून रडायला लागली. "पप्पा, डॉक्टरांना फोन करा ना."

"रेड्याला डॉक्टर? सगळं उचगाव हसंल मला. जगायचा आसंल तर जगंल."

"रेडी असती तर बोलावला असता ना?"

"व्हय," मुलगा म्हणाला. खोटं बोलायची त्याला गरजच वाटली नाही.

नात माझ्याकडे बघायला लागली. सूनही बादली हातात धरून माझ्याकडेच बघत होती, पण तिचं बघणं वेगळं होतं.

ते का, ते सांगते. ही नात म्हणजे आमच्या घरातली दुसरी मुलगी. ती जन्मली तेव्हा मी आणि मुलगा दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसलो होतो. नर्स येऊन म्हणाली, मुलगी झाली. मी मुलाला म्हटलं, चल, धारंची येळ झाली. आणि आम्ही आलो निघून. नंतर चार दिवस आमच्या घरातलं कुणी तिकडे फिरकलं नाही. सुनेची आई भाकरी बांधून नेत होती. नातीला हे कुणी सांगितलेलं नाही. सुनेला सांगावं लागत नाही.

"आत्ती," सून शांतपणे म्हणाली, "नको आसल्यालं जगवायची मला सवय हाय. पाणी गरम करू का?"

तेवीस वर्षांत तिने मला एवढं एकच वाक्य सुनावलं, पण नेमकं सुनावलं.

"फोन लाव," मी मुलाला म्हटलं.

"आये, लोकं..."

"हसू द्येत. तू लाव फोन."

जनावरांचा डॉक्टर मोटारसायकलवरून आला, रेडकाची शेपटी उचलून बघितली आणि माझ्याकडे वळला. "आजी, मला वाटलं रेडी हाय. ह्यो तर रेडा की!"

"मग परत जातासा? तुमी जलमलासा तवा तुमच्या आईनं बी असंच बघिटलं आसंल, पर ठेवलं न्हवं तुमास्नी?"

तो हसला आणि गुडघ्यावर बसला. गोठ्याच्या तुळईला सलाईनची बाटली टांगली. दूध बंद, थोडं थोडं मीठ-साखरेचं पाणी पाजायचं. मग नातीला म्हणाला, "तूच पाजलंस न्हवं? लय पुण्य केलंस. अजून दोन तास गेलं आसतं तर थेट सर्गात गेलं आसतं बग."

सलाईन बघायला गल्लीतल्या बायका आल्या. एकीने बारसं कधी म्हणून विचारलं. दुसरी म्हणाली, "माज्या नवऱ्याला सलाईन लावायला तीन दीस लागलं. रेडा नशीब काढून आलाय."

चार दिवस सुनेने उठून उठून पाणी पाजलं आणि रेडकू उभं राहिलं. नातीची सुट्टी संपली. जाताना मला म्हणाली, याला विकायचं नाही, शब्द दे.

"शब्द न्हाय देत. तू न्हेतीस का होस्टेलवर?"

"आज्जी, तसं नसतं."

"तसंच आसतं. तू हक्क देऊन पुण्याला निघालीस. त्येचं शेण कोन काढनार? तुझी आईच."

ती रागावून गेली. मी बरोबरच बोलले होते, म्हणून जास्त रागावली.

महिन्याभराने हातकणंगल्याचा एक व्यापारी टेम्पो घेऊन आला. रेडे गोळा करत फिरणारा. कुठे नेतो, हे त्याला कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. मुलाने गोठ्यात जाऊन दावं सोडलं.

"न्हाय द्यायचा," सून मागून म्हणाली.

मुलगा तसाच थांबला. व्यापारी आधी सुनेकडे, मग मुलाकडे, मग माझ्याकडे बघायला लागला. घरात शेवटचा शब्द कुणाचा, हे अशा माणसांना लगेच कळतं. मुलगाही माझ्याकडेच बघत होता, मी सुनेला गप्प बसवीन म्हणून. आजवर बसवत आलेच होते.

"माज्याकडं काय बघतोस?" मी म्हटलं. "मी तर त्येला मरायला सोडलं हुतं. जगीवलं तिनं. तिला इचार."

"पावणं, या तुमी," सून व्यापाऱ्याला म्हणाली आणि मुलाच्या हातातलं दावं काढून घेतलं. मुलगा दोन दिवस दोघींशीही बोलला नाही. घरात बरं वाटलं.

रेडा अजून आहे. दांडगा झालाय. कामाचा काडीचा नाही, वेळेवर खातो आणि वैरण उशिरा आली तर डोकं आपटतो. माणसासारखे हक्क म्हणतात ते हेच असावेत.