सरकणाऱ्या हाताचं माप

साकोलीच्या स्टँडवर मला सोडायला आई आली, काकू आली, शेजारच्या दोघी आल्या. बाबा आले नाहीत. त्यांना एक कुऱ्हाडीचा दांडा पुरा करून द्यायचा होता आणि गिऱ्हाईक समोर उभं होतं. नागपूरची एसटी निघाली ती आमच्या दुकानावरूनच गेली. बाबांनी मान वर केली, जरा हलवली आणि पुन्हा खाली घातली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. आयटीआयचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत होतं आणि पुण्याच्या एका पंपांच्या कारखान्यात मोटरची कॉइल गुंडाळायची नोकरी लागली होती. त्या दिवशी बाबांचा फार राग आला. नागपूर येईपर्यंत मी रडले आणि नागपूरला पुण्याची गाडी शोधायच्या गडबडीत रडायचं विसरून गेले.

हे मी साकोलीत राहिलेल्यांसाठी लिहिते आहे, कारण तिथे अजून निम्म्या लोकांना वाटतं की मी पुण्यात रेडिओ दुरुस्त करते. आणि आमच्या भागातून इकडे आलेल्यांसाठीही लिहिते आहे. आपण नेमकं काय काम करतो हे घरी फोनवर सांगताना ज्यांना घाम फुटतो, त्यांच्यासाठी.

बाबा सुतार आहेत, पण त्यांचं खरं नाव आहे ते दांड्यांसाठी. कुऱ्हाड, कुदळ, फावडं, जे असेल ते. लाकूड धावड्याचं. गिऱ्हाईक आलं की बाबा आधी म्हणतात, "हात दाखव." मग त्याच्या मुठीत लाकडाचा तुकडा देऊन बघतात. बोटांची टोकं तळव्याला टेकली पाहिजेत पण रुतता कामा नयेत. शेवटी फुटक्या काचेच्या तुकड्याने दांडा खरवडत बसतात. मी लहानपणी पॉलिश पेपर मारायला बसायची, आणि त्यांचं एक वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल: "ज्यानं दुसऱ्याचं काम होते, ते काम. बाकी सारी करमणूक." कारखान्यातली माझी नोकरी या परीक्षेत पास झाली. तुझ्या कॉइलनं मोटर फिरते नं, मंग ठीक हाये, असं ते म्हणाले.

पुण्यात कारखान्यातल्या आम्ही तिघी येरवड्याला एका खोलीत राहायचो. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानात मी घाईत म्हणाले, "लवकर द्या हो, मी कामावर जाऊन राहिली." दुकानदारांनी साखर मोजता मोजता शांतपणे विचारलं, "जाताय की राहताय, ते आधी ठरवा." मी महिनाभर त्या दुकानात गेले नाही. आता तेच दुकानदार मला बघितल्यावर साखर न मागता काढतात, आणि मीही बोलताना 'जातेय' म्हणते. फोन साकोलीहून आला की मात्र जीभ आपोआप आपल्या जागेवर जाते.

सात वर्षांनी कारखान्यात हाताने गुंडाळायचं काम बंद झालं. सुपरवायझरनेच बिबवेवाडीचा पत्ता दिला. एका पिठाच्या गिरणीच्या वर पेंडसे सरांचं वर्कशॉप होतं. सर इंजिनिअर, रिटायर झालेले, इलेक्ट्रिक गिटार आणि बेस गिटार बनवायचे. मी माझा अनुभव सांगितला तर म्हणाले, "म्हणजे आत्तापर्यंत आपण पंप बिघडवलेत. आता वाद्यं बिघडवा." हा होकार होता हे मला जिना उतरल्यावर कळलं.

बेस गिटार म्हणजे चार जाड तारांचं वाद्य. गाण्यात ते सहसा वेगळं ऐकू येत नाही, पण काढून घेतलं तर गाणं पोकळ होतं. त्याच्या तारांखाली एक डबी बसवतात, तिला पिकअप म्हणतात. आत चुंबक, आणि त्याभोवती केसासारखी तांब्याची तार हजारो वेळा गुंडाळलेली. तार आणि चुंबकं मी बुधवार पेठेतल्या बाजारातून आणायची आणि गुंडाळणं तर माझ्या बोटांतच होतं. मला वाटलं, संपलं. पण सरांनी एका फळीवर चार तारा ताणल्या आणि त्याखाली पिकअप मोकळाच सरकवत मला ऐकायला बसवलं. तारा जिथे टेकतात त्या घोडीजवळ पिकअप नेला की आवाज कोरडा, टोकदार, नेमका. तिथे तार ताठ असते, फारशी हलत नाही. मानेच्या बाजूला आणला की तीच तार, तोच पिकअप, पण आवाज गोल आणि भरदार, कारण तिकडे तार मोकळी झुलते. बोटभर अंतरात एवढा फरक. त्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडायचा विसरले.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगायची आणि हौसेने ऐकवायची. पण फोनमधून बेसचा खालचा आवाज जातच नाही. त्यांना नुसती बोटांची टकटक ऐकू यायची. "झालं का वाजवून?" ते विचारायचे. मग, "याच्यानं कोणाचं काम होते?" मी म्हणायची, वाजवणाऱ्याचं होतं ना. ते "हं" म्हणायचे आणि फोन आईकडे द्यायचे. मी तिशी ओलांडली होती, हाताखाली दोन जण होते, आणि तरी तो "हं" दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नसे. बाबांनी माझ्या कामाला एकदा काम म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

मग रेश्मा आली. येरवड्याचीच, एका आयटी कंपनीत टेस्टिंग करणारी, उंचीला जेमतेम माझ्या खांद्याइतकी. सुट्टीच्या दिवशी मित्रांच्या बँडमध्ये बेस वाजवायची. दोन दुकानांत तिला सांगितलं होतं की तुझ्या हाताला बेस झेपणार नाही, दुसरं काहीतरी घे. तिसरीकडेही तेच ऐकलं तर सोडूनच देईन म्हणाली. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि हा बेस पूर्ण तुम्ही करा, नेकसकट, असं सांगितलं. नेक म्हणजे गिटारची मान, डावा हात जिच्यावर फिरतो ती. आतापर्यंत नेक सरच करायचे.

पिकअपची जागा मला पहिल्या झटक्यात सापडली. बेस वाजवणारे उजवा अंगठा पिकअपवर टेकवतात. तो घोडीजवळ असला की रेश्माचं कोपर मागे ओढलं जायचं. फळीवर पिकअप सरकवत मी तो मानेच्या दिशेने बोटभर पुढे आणला. तिचा खांदा खाली आला आणि आवाजही गोल झाला. तिला तोच हवा होता. नेकची रुंदीही तिच्या बोटांसाठी मी कमी ठेवली. आणि जाडीला मी बाबांचा नियम लावला. तिच्या मुठीत लाकूड देऊन बघितलं, बोटांची टोकं तळव्याला टेकेपर्यंत घासलं, वर चकचकीत पॉलिश केलं. वर्कशॉपमध्ये ज्याने ती नेक धरली तो वाहवा म्हणाला. रेश्मा तर हातातून सोडेना. मी मनातल्या मनात बाबांना म्हटलं, बघा.

आठ दिवसांनी ती आली, मनगटाला पट्टी बांधलेली. "ताई, धरायला एकदम मस्त वाटतं," ती म्हणाली, "पण अर्ध्या तासात मनगट जातं. बहुतेक माझाच हात तसला आहे." ती बेस परत ठेवून जायला निघाली होती. मी तिच्याकडून पंधरा दिवस मागून घेतले. सर म्हणाले, "घासा अजून. आत सळई लागली की थांबा." तारांच्या ओढीने नेक वाकू नये म्हणून आत लोखंडी सळई असते. म्हणजे वाटेल तेवढी बारीकही करता येत नाही. आणि कुठून घासायचं तेच मला कळत नव्हतं, कारण माझ्या मापाने ती बरोबर होती.

नेक चार स्क्रूंवर बसवलेली असते. मी ती काढली, ओढणीत गुंडाळली आणि साकोलीला गेले. बाबांना विचारायचं, एवढंच ठरलं होतं. ते हसतील याचीही तयारी ठेवली होती.

बाबांनी नेक हातात घेतली, मूठ मिटली. "मूठ त मस्त भरते," ते म्हणाले. मग विचारलं, हे काय कापते? मी खाली बसले, नेक आडवी धरली आणि डावा हात कसा चालतो ते दाखवलं. अंगठा मागे, बोटं पुढे, हात सारखा इकडून तिकडे. ते बराच वेळ नुसते बघत होते. मग कोपऱ्यातला एक दांडा उचलून घाव घालायला उभे राहावं तसे उभे राहिले.

"कुऱ्हाड दोन हातानं चालते," ते म्हणाले. "खालचा हात धरून राहते, वरचा सरकते. तू खालच्या हाताचं माप घेऊन आली पोरी. त्या पोरीचा हात त सरकून राहिला."

दांडा खाली भरलेला असतो, आणि वर, हात सरकतो तेवढ्या लांबीवर, बारीक आणि कोरडा. मी इतकी वर्षं त्याच दांड्यांना पॉलिश पेपर मारत होते आणि हे मला कधी दिसलं नाही, कारण मी स्वतः कधी कुऱ्हाड चालवली नव्हती. मला लाज वाटली आणि हसूही आलं. बाबांनी आधी माझं चकचकीत पॉलिश काचेने खरवडून टाकलं. घामट हात त्यावर चिकटणार नाही तर काय करील, म्हणाले. सळईच्या हिशेबाने मी पेन्सिलीची रेघ मारून दिली आणि याच्या आत जाऊ नका म्हटलं. "लाकडावर भरोसा नाही वाटते तुझ्या सरांचा," एवढं बोलून त्यांनी रेघ मात्र तंतोतंत पाळली. रेश्माचा हात आईच्या हाताएवढा आहे असं मी सांगितल्यावर आईला स्वयंपाकघरातून बोलावणं गेलं. दोन दिवस ती बिचारी कणकेचे हात पुसत दुकानात येऊन बसायची, नेकवरून हात वरखाली फिरवायची आणि भात करपतो आहे म्हणून उठायची. "इथं अडते," ती म्हणाली की बाबा तिथलं खरवडायचे. तिसऱ्या दिवशी कुठेच अडेना. अंगठ्याच्या बाजूचा लाकडाचा फुगवटा उतरला होता, मधली जाडी थोडीच कमी झाली होती, आणि नेक मुठीत मुळीच भरत नव्हती. दुकानात कुणी धरली असती तर नाक मुरडलं असतं.

पुण्यात रेश्मानेही मुरडलं. मग बसून वाजवायला लागली. एक तास झाला, दुसरा झाला, खालची गिरणी बंद झाली तरी ती वाजवतच होती. पेंडसे सर म्हणाले, "आता यांना घरी जायला सांगा, नाहीतर भाडं लावा." जाताना ती मनगटाची पट्टी तिथेच विसरली आणि ती मागायला कधी आली नाही.

दहा दिवसांनी बाबांचा फोन आला. बाबा स्वतः फोन लावत नाहीत, आई लावून देते. त्या दिवशी त्यांनी लावला होता. जेवली का वगैरे काही नाही. "त्या पोरीचा हात दुखते का आता?" मी म्हटलं, नाही, मुळीच नाही, रोज वाजवते. "मंग चांगलं हाये तुझं काम," ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला. मी पिकअप गुंडाळत होते. तार तुटली, पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं, आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही.

साकोलीचं घर ही इतकी वर्षं मला मागे टाकून आलेली जागा वाटायची. वर्षातून एकदा तिथे जायचं, आपलं पुण्यातलं सगळं दाराबाहेर ठेवायचं, आणि परत येताना उचलून घ्यायचं. आता मी पुण्यात सुखाने राहते, बिबवेवाडीत दोन खोल्या आहेत, कामाला तोटा नाही. पण घर म्हणाल तर जिथे मी माझं काम बरोबर घेऊन जाऊ शकते ते. परवा एक सहा फुटी गिऱ्हाईक आलं, पंजा सुपाएवढा. मी बाबांना फोन केला आणि म्हटलं, एवढा मोठा हात आपल्या घरात कुणाचाच नाही, आता माप कसं बघाल?

"त्यालेच घेऊन ये," बाबा म्हणाले. "दोन दिवस राहील, जेवील, आन् आपला दांडा घेऊन जाईल."