खिडक्या कोण लावतं

जर्मनीत एश्बॉर्नला आम्ही तळमजल्यावर राहत होतो. मागे छोटी टेरेस, मग कुंपण, आणि कुंपणापलीकडे पायवाट. घर मिळालं याचाच आनंद इतका होता की तळमजल्याचं कुणाच्या मनातही आलं नाही. हिवाळ्याच्या तोंडावर समोरच्या इमारतीत चोरी झाली, तेव्हा आलं. दिवेलागणीची वेळ होती, घरातले खरेदीला गेले होते आणि चोर किप्प केलेल्या खिडकीतून आत शिरले. किप्प म्हणजे वरून आत कलती करून ठेवलेली. हवा खेळावी म्हणून इथे सगळेच तशी ठेवतात.

माझा नवरा तेव्हा आठवड्यातले बरेच दिवस कामासाठी म्युनिकला असायचा. पुढच्या शनिवारी आल्या आल्या तो कामाला लागला. टेरेसवर कुणी हललं की पेटणारा दिवा, टेरेसकडे तोंड केलेला कॅमेरा, पुढच्या दाराला आतून साखळी. दाराचं कुलूपही बदलायचं होतं, पण इमारतीचं मुख्य दार आणि आमचं दार एकाच किल्लीने उघडायचं. सगळीच कुलपं बदलावी लागतील, म्हणून घरमालकांनी ते टाळलं.

सासूबाई त्या हिवाळ्यात नाशिकहून आमच्याकडे आल्या होत्या. माझं ऑफिस चालत जाण्याइतकं जवळ होतं. दुपारी त्या नातीला किटामधून, म्हणजे पाळणाघरातून, आणायला जायच्या आणि येताना दोघी वाचनालयात रेंगाळायच्या. तेवढा वेळ घर रिकामं असायचं.

संध्याकाळी मी यायचे तेव्हा बेडरूमच्या खिडकीचं बाहेरचं शटर पार खालपर्यंत ओढलेलं असायचं. आत मिट्ट काळोख. आधीच इथे हिवाळ्यात उजेड दुर्मीळ, त्यात हे. मला वाटलं, चोरीचं ऐकून सासूबाई घाबरल्या असाव्यात. काही बोलले नाही, शटर वर करत राहिले. कधी कपाटाचं दार अर्धवट उघडं दिसायचं. तेही मी बंद करायचे आणि गप्प बसायचे. एका घरात दोन बायका असल्या की अशा बऱ्याच गोष्टी न बोलता सरकवाव्या लागतात.

मग एका शुक्रवारी सासूबाईंना हळदीकुंकवाला जाताना पाटल्या घालायच्या होत्या. दागिन्यांचा डबा कपाटात साड्यांच्या मागे असायचा. तो तिथे नव्हता.

आम्ही सगळं कपाट उपसलं. "अगं, मीच ठेवला होता गं, इथेच," एवढंच त्या म्हणत होत्या. शेवटी डबा सापडला तो मुलीच्या खेळण्यांच्या टोपलीत, तळाशी, लाकडी ठोकळ्यांच्या खाली. पाटल्या, गोठ, माझं मंगळसूत्र, सगळं जागच्या जागी.

"आई, तुम्ही ठेवलात का इथे? चोरांच्या भीतीने?"

"मी कशाला ठेवीन? मला वाटलं तूच ठेवलास." त्या म्हणाल्या, "तू मधल्या वेळेत घरी येतेस ना, तेव्हा."

"मी कुठे येते घरी?"

"मग खिडक्या कोण लावतं?"

त्या सांगू लागल्या. फोडणीचा वास जावा म्हणून रोज दुपारी निघताना त्या स्वयंपाकघराची खिडकी किप्प करून जायच्या. परत आल्या की ती बंद असायची, मूठ नीट खाली वळवलेली. सुनेला आवडत नसेल, ती येऊन बंद करून जाते आणि तोंडावर बोलत नाही, असं त्यांनी धरलं होतं. मनाला लागलं होतं त्यांच्या.

"आणि शटर?" मी विचारलं.

"त्याला मी कधी हातही लावला नाही. माझ्याच्याने ओढवतं का ते?"

मुलगी टोपलीतून ठोकळे काढून रांगेत लावत बसली होती. मी तिला उचललं आणि दिवाणखान्यात नेलं. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं. त्या खोलीत ती खाली बसलेली मला बघवेना.

कॅमेऱ्यात काही नव्हतं. शेजाऱ्यांचं मांजर आणि उडणारी पानं. पोलिसांना बोलावलं, ते आले. त्यातल्या बाईंनी खिडक्यांच्या कडा बघितल्या, दार बघितलं. काही फोडलेलं नव्हतं, काही गेलेलं नव्हतं. किल्ल्या कुणाकडे आहेत, एवढं विचारताना त्यांची नजर सासूबाईंवरून फिरली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वय झालं की माणसं वस्तू लपवतात आणि विसरतात. डॉक्टरांशी बोलून बघा."

नवऱ्याला फोन केला तर तोही म्हणाला, "आई गेल्या वर्षीही औषधं कुठेतरी ठेवून विसरली होती." फोन स्पीकरवर होता. सासूबाईंनी ऐकलं. त्या उठून नातीची वेणी घालायला गेल्या.

सोमवारपासून मी होम ऑफिस घेतलं. मुलीला किटामधून आणायचं काम वरच्या मजल्यावरच्या तिच्या मैत्रिणीच्या आईने घेतलं. नेहमीची वेळ झाली की मी दाराला साखळी लावायचे आणि आम्ही दोघी दिवाणखान्यात बसायचो. सासूबाई रोजच्यासारखी स्वयंपाकघराची खिडकी किप्प करायच्या. "आहे तसं राहू दे," म्हणायच्या. घर रिकामं दिसावं म्हणून दिवा मात्र लावू द्यायच्या नाहीत.

बुधवारी किल्ली कुलपात फिरली.

आवाज हळू होता, पण चाचपडल्यासारखा अजिबात नव्हता. स्वतःच्या घरी येणाऱ्या माणसाचा असतो तसा. दार साखळीएवढं उघडून अडलं. फटीतून राखाडी लोकरीचा हातमोजा दिसला, मग एका बाईचा चेहरा. माझ्याहून थोडी मोठी असेल. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र होतं.

तिने मला बघितलं आणि शांतपणे जर्मनमध्ये म्हणाली, "अच्छा, तुम्ही घरीच आहात. मग ठीक आहे."

आणि दार ओढून घेऊ लागली.

"थांबा," मी म्हणाले. "तुम्ही कोण?"

"मी इथे राहायचे. तुमच्या आधी." मग तिने विचारलं, "स्वयंपाकघराची खिडकी किप्प आहे का?"

सासूबाई माझ्या पाठीशी येऊन उभ्या होत्या. त्यांना जर्मन येत नाही, पण त्यांनी त्या बाईकडे बराच वेळ बघितलं. "साखळी काढ," त्या म्हणाल्या.

"आई, काहीतरीच काय."

"काढ गं. हीच आहे ती. मला वेडं ठरवलंत, आता ती सांगेल ते ऐकू या."

मी साखळी काढली. ती आत आली ती पायपुसण्यावरच उभी राहिली. बूट काढू का, असं विचारलं. मग तिने सांगितलं, सलग, कुणाला तरी अहवाल द्यावा तशी. एका संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती. आपणच विसरलो असं तिला वाटलं. तिने ती लावली, दाराला आतून कुलूप घातलं, चहा केला.

"तो आतच होता," ती म्हणाली. "बेडरूमच्या कपाटात. मी त्याला माझ्याबरोबर आत कोंडून घेतलं होतं."

तो केव्हा आणि कसा बाहेर पडला, हे मी विचारलं. ती हातमोजे काढून खिशात घालू लागली.

नंतर तिने घर सोडलं, पण एक किल्ली ठेवून घेतली. तिचं ऑफिस पलीकडच्या चौकात. दुपारी पायवाटेवरून जाताना किप्प केलेली खिडकी दिसली की तिच्याने पुढे जाववायचं नाही. "आधी कपाटं बघायची. आत कुणी नाही हे बघायचं. मगच खिडक्या लावायच्या, शटर ओढायचं," ती मला समजावत होती. "दागिने कपाटात ठेवू नका. चोर सगळ्यात आधी तिथेच बघतात."

मी हात पुढे केला. तिने किल्ली दिली, पण लगेच सोडली नाही. तिची बोटं बर्फासारखी होती.

ती गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, काय म्हणाली. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुलाला फोन लाव."

नवरा त्याच संध्याकाळच्या गाडीने आला. आईसमोर बसला. "चुकलं माझं," एवढं म्हणाला. त्या म्हणाल्या, "जेवून घे." पोलिसांत जायचं त्याने ठरवलं होतं, ते सासूबाईंनी होऊ दिलं नाही. घरमालकांनी मात्र आठवड्याभरात सगळ्या इमारतीची कुलपं बदलली. ती बाई मला पुन्हा दिसली नाही. दुपारी पायवाटेवरून कुणी जाताना दिसलं तर मी नीट बघायचे.

पुढे आम्ही ऱ्युसेल्सहाइमला राहायला गेलो. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, खालून कुणाला शिरता यायचं नाही. तरी ऑफिसमधून आले की कोट न काढताच मी आधी आतल्या खोलीत जाते आणि कपाट उघडते. कपडे बाजूला करते, मागच्या फळीपर्यंत हात लावून बघते. परवा मुलगी दारात उभी होती. "ममा, वास सुखस्ट डू?" तिने जर्मनमध्ये विचारलं. काय शोधतेस?

"स्वेटर," मी म्हणाले.